पेट्रोलचं गाऱ्हाणं

आढी लावायचे दिवस आले की आमच्या घरात सगळ्यांना आंब्याचा वास येतो. मला पेट्रोलचा येतो.

आज सकाळीच खळ्याच्या कडेच्या मांगरात, म्हणजे आमच्या कोठारात, भाताचा पेंढा पसरला गेला. त्यावर हापूसचा एक थर, पुन्हा पेंढा, पुन्हा थर. मी दारात उभा राहून नुसतं आत डोकावलो, तर घरातून आवाज आला, "अहो, तुम्ही नका आत जाऊ. मागच्यासारखी आढी उकरून ठेवाल!" या 'मागच्यासारखी'ला आता पाच वर्षं झाली. पण बायकांच्या पंचांगात नवऱ्याच्या चुकांना तिथी नसते. त्या नेहमी कालच झालेल्या असतात.

मी ओसरीवर येऊन बसलो, चिमूटभर तपकीर ओढली. तरी तो वास आलाच. पेंढ्याचा, कैरीच्या चिकाचा, आणि त्या दोहोंच्या खालून हळूच येणारा तो तिसरा.

मोटार मी का घेतली याची मी आजवर तीन निरनिराळी उत्तरं दिली आहेत. आंब्याच्या करंड्या बंदरावर बोटीला वेळेत पोचाव्यात म्हणून, हे भावकीला दिलेलं उत्तर. बैलगाडीच्या हिसक्यांनी फळाला मार बसतो म्हणून, हे बायकोला दिलेलं. आणि कालमानाप्रमाणे माणसाने चाललं पाहिजे, हे बापू मास्तरांना दिलेलं. खरं उत्तर एवढंच, की मुंबईच्या एका डॉक्टरांना जुनी मोटार काढून टाकायची होती आणि माझ्या दुर्दैवाने मी ती पाहिली. हिरवा रंग, पितळी कडीचे दिवे, आणि भोंगा असा, की पहिल्याच दिवशी तो ऐकून आमच्या गायीने दूध चोरलं.

मोटार आली तसा ती चालवणारा पाहिजे होता. सखाराम वरच्या वाडीचा. बारा वर्षं मुंबईत एका शेटजींच्या मोटारी धुतल्या, मग दुरुस्त केल्या, मग चालवल्या. त्याच्या बापाचे डोळे गेले आणि हा गावी परत आला. घरात दुसरं कर्तं माणूस नाही, भातजमिनीचे दोन तुकडे, आणि म्हाताऱ्याला विहिरीपर्यंत न्यायलासुद्धा कुणाचा तरी हात लागायचा. आमच्याकडचं काम मिळालं नसतं तर त्याला म्हाताऱ्याला तसाच टाकून पुन्हा मुंबई गाठावी लागली असती. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी अगदी जड आवाजात "अरेरे" म्हटलं होतं. माझं 'अरेरे' ऐकण्यासारखं असतं. त्याचा उपयोग कुणाला झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आमच्या घराण्यात संशय वडिलोपार्जित चालत आलेला आहे. आमचे आजोबा, माडावर चढलेला पाडेली नारळ पाडून उतरला, की खालचे नारळ मोजत, मग वर झाडाकडे पाहत, मग पाडेल्याकडे पाहत. झाडावर नारळ उरला तर याने आळस केला, आणि एकही न उरला तर याला एवढा उत्साह कसला आला? मला जमीन त्यांच्या निम्मी मिळाली, पण ही नजर सगळीच्या सगळी आली.

त्या वर्षी फाल्गुनात सखाराम हात पुसत ओसरीखाली उभा राहिला.

"तात्या, पंप गळतोय. आतला पडदा गेला. नवा पंप होवा."

मोटारीच्या पोटात पंप असतो हे मला तेव्हाच कळलं. त्याने मला नेऊन दाखवलाही. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे, आणि मागचं पेट्रोल पुढे ओढून आणायला इंजिनाच्या कुशीत वाटीएवढी एक वस्तू. तिच्यात कापडासारखा पडदा. इंजिन फिरलं की एक दांडी हलते आणि पडदा वरखाली होतो. "आपल्या छातीवानी, तात्या," तो म्हणाला. मी बोट लावलं. ओलं होतं. वास घेतला. पेट्रोलचाच होता. पण ज्याचे दोन्ही हात पेट्रोलने भरलेले, त्याने दाखवलेली ओल ही ओल म्हणून मानायची का?

संध्याकाळी बापू मास्तर आले. बापू मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण मुलांच्या पाट्या तपासायची सवय सुटली नव्हती; आता ते गावातली माणसं तपासत.

"नवा पंप?" त्यांनी पानाचा देठ खुडला. "तात्या, हा माणूस मुंबई बघून आलेला. आज पंप म्हणेल, उद्या चाक म्हणेल. जुना धडका पंप काढून विकेल आणि तुझ्या हातात डबडं देईल. डोळ्यांत तेल घाल, डोळ्यांत तेल!"

मी घातलं.

दुसऱ्या दिवशी एक वेळूची काठी तासून तिला बोटाबोटावर खाचा केल्या. टाकीत ती उभी बुडवायची आणि कुठवर भिजली ते पाहायचं. दोन-चार दिवसांतच माझी खात्री पटली. बंदरापर्यंत जाऊन यायला जेवढं पेट्रोल जावं, त्याहून खाचभर जास्त जात होतं.

"गळतोय ना पंप," सखाराम म्हणाला.

"मग खाली सांडलेलं दिसत का नाही?" मी विचारलं. वकिली न शिकताही मला ती बरी येते. मांगराची जमीन कोरडी ठक्क होती. आता ही जमीन म्हणजे जांभ्याची. आभाळातून चार महिने कोसळणारं पाणी जिथे चार घटकांत नाहीसं होतं, तिथे थेंबभर पेट्रोल दिसेल कसं, हा विचार कोकणात जन्म काढलेल्या मला शिवला नाही. मला शिवला तो निराळाच. टाकीचं तोंड मोटारीच्या पाठीमागे. सखाराम मोटार मांगरात उलटी घालायचा. तिचं नाक आमच्या ओसरीकडे आणि टाकी पलीकडे, बागेच्या अंगाला, उताराकडे. म्हणजे टाकीशी कोण काय करतो ते मला दिसणार नाही, अशी सोय! मी फर्मान काढलं, उद्यापासून मोटार सरळ आत घालायची. टाकी ओसरीकडे पाहिजे.

"नको तात्या," तो म्हणाला. "जमीन उताराची हाय. नाक खाली ग्येलं की टाकी वर येल. पेट्रोल आपसूक पंपात उतरंल. आनि पंप तर फाटलेला."

तो इतकं कळवळून सांगत होता, की माझा संशय पक्का झाला.

मग काय सांगू! चैत्राची ती सकाळ, खळ्यात उन्हाचे कवडसे, रातांब्याला लाली चढायला लागलेली, आणि मी झोपाळ्यावर बसून मोटारीच्या पाठीकडे टक लावून पाहतोय. ध्रुवाने सुद्धा इतक्या निष्ठेने कुणाकडे पाहिलं नसेल. कुणीही टाकीच्या जवळ येत नव्हतं. आणि काठी बुडवावी तर रोज दोन-दोन खाचा कमी! मी जितकी राखण करावी तितकं पेट्रोल जास्त जाई. हा चोर साधा नव्हे, एवढं मला कळून चुकलं.

त्यात एक चमत्कार घडला. इंजिनाच्या तेलाची सळई असते, ती ओढून पाहिली, तर तेल वाढलेलं. पेट्रोल कमी, तेल जास्त. मी ते बोटावर घेतलं तर पातळ लागलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेट्रोल विकून हा माणूस मनाच्या टोचणीने दिव्यात घालायचं उंडीचं स्वस्त तेल आणून ओततो आहे! ही उपपत्ती मी जेवताना घरात सांगितली.

वाढता वाढता बायकोचा हात थांबला. "चोर पेट्रोल नेतो आणि तेल आणून ओततो?"

"हो."

"असा एक चोर मलाही बघा. नारळ नेऊ दे बापडा, खोबरेल आणून ठेवू दे." आणि मग आमटी वाढत, माझ्याकडे न बघता, "त्याने पंप गळतोय म्हणून सांगितलंन्, ते आपण एकदा तरी खरं धरून बघितलंत?"

बायकांना यंत्रातलं काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. मला तरी कुठे कळत होतं? पण मी निदान पुरुष होतो.

त्याच आठवड्यात हेदवीहून आमचे व्याही आले. आढीतला पहिला पिकला आंबा मी स्वतः त्यांच्या पानात ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला, क्षणभर थांबले, खाली ठेवला, आणि "यंदा ऊन फार आहे, नाही?" म्हणाले. आढी त्याच मांगरात होती, मोटारीपासून चार हातांवर. आंब्याला पेट्रोलचा वास! म्हणजे भरलेले डबे पेंढ्यात पुरलेले आहेत. मी उठलो, धोतर खोचलं आणि भर दुपारी, व्याह्यांच्या देखत, सबंध आढी उकरली. डबा निघाला नाही. आढीची ऊब मोडली ती मोडलीच. ते आंबे पुढे पिकले नाहीत, नुसते सुरकुतले. व्याही संध्याकाळीच निघाले.

माझं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होतं. मॅट्रिक झालेलो होतो. घरात वर्तमानपत्र येत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून कुणाला वाटेल, की हा मनुष्य अडाणी असावा.

मी देवाला गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडे माणसाला माणसाशी बोलायचं धाडस झालं नाही, की तो देवळात जातो. गुरव देवापुढे उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. सोमवारी आरतीनंतर गावची मंडळी असतातच. मी गुरवाच्या कानाशी लागलो. नाव घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. उगाच कुणाची बेअब्रू नको. मी सुशिक्षित होतो.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सूर लावला, "ह्या गावात मोटारीतलं पेट्रोल जो कोन चोरीत आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याला तू तुज्या पायाशी आन, त्याची बुद्धी फिरव, नायतर त्याला काय ती शिक्षा कर..."

"व्हय म्हाराजा!"

नाव घेतलं नाही. गावात मोटार एक होती आणि ती चालवणारा एक. देवळातून बाहेर पडताना लोक माझ्याशी बोलले नाहीत. ते आपापसांत बोलत होते. पायरीशी सखाराम उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचा आंधळा बाप. म्हाताऱ्याने माझ्या पावलांच्या आवाजाकडे मान वळवली. आंधळ्या माणसाची मान एकदा आवाजाकडे वळली की आपल्याला आपला चेहरा कुठे लपवावा ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सखारामाने मोटारीची किल्ली ओसरीच्या कठड्यावर ठेवली.

"गाऱ्हानं उतरंपर्यंत मी गाडीला हात लावनार नाय, तात्या. आनि ते उतरलं नाय, तर म्हंबईची बोट हाय. चोर म्हनून मला हतं कोन ठेवनार? बापसाला मावशीकडं न्हेऊन ठेवीन."

"तुझं नाव कुणी घेतलंय का?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो गेला.

आता चोर गेला, म्हणजे चोरी थांबायला हवी. मी मोटार जागची हलवली नाही. चौथ्या दिवशी काठी बुडवली तर टाकीत तळाला ओल. माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की तेव्हा शहाणपण दार ठोठावत असतं. मी आतून कडी लावून घेतली. सखाराम नव्हे तर कोण? गुरव? बापू मास्तर? त्यांना मोटारीबद्दल एवढा जिव्हाळा कशासाठी? मी घरात विचारलं, "रेशमी साडीवरचे डाग काढायला कुणी पेट्रोल वापरतं का?" त्या प्रश्नानंतर दोन दिवस आमच्या घरात वाढलं जाई, पण बोललं जात नसे.

शेवटी टाकीत नवा डबा ओतला, दुपारी सगळे निजल्यावर मोटारीखाली सरपटलो आणि दबा धरून उताणा पडलो. वैशाखाचा उन्हाळा. जांभ्याचा दगड पाठीला गार लागत होता. बागेत कुठे तरी एक आंबा गळला. माझा डोळा लागला असावा, कारण मी दचकून जागा झालो तो कपाळावर काही तरी पडलं म्हणून. गार. पुसलं, वास घेतला. दुसरा थेंब नाकावर. वर पाहिलं. वाटीएवढ्या त्या पंपाच्या तळाशी एक भोक आहे. तिथे एक थेंब फुगत होता, उन्हाच्या तिरिपीत मोत्यासारखा चमकत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत सुटून माझ्या कानामागे गेला. खाली दगडाने तो पिऊन टाकला. ढेकरसुद्धा दिली नाही.

टाकी वर होती, पंप खाली होता. तशी मोटार मी लावायला लावली होती. माझ्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून.

मुंबईहून नवा पंप बोटीने यायला आठ दिवस लागले. तोवर तोडलेला आंबा बैलगाडीने हिसके खात बंदरावर गेला. पंप आला तो कागदात गुंडाळलेला, बाळसेदार. दोन बोल्ट काढायचे, दोन घालायचे, त्याला सखाराम कशाला, असं म्हणून मी स्वतः बाह्या सारल्या. जुना निघाला. नवा बसेना. त्याची दांडी आत इंजिनाच्या चाकावर नेमकी टेकली पाहिजे. माझी कुठे टेकत होती ते देव जाणे. मधला कागदी वायसर फाटला. जेवणाची वेळ झाली तेव्हा माझ्या कोपरापर्यंत तेल होतं, आणि घरातून एवढंच ऐकू आलं, "आंबा थांबायचा नाही हो."

मग मी पंप हातात घेऊन वरच्या वाडीला गेलो. सखाराम भाताच्या तुकड्यावर भाजावळ करत होता. पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजत होता. धुरातून त्याने मला पाहिलं. पडवीत एक पत्र्याची ट्रंक सुंभाने बांधून ठेवलेली होती.

मी काही म्हणायच्या आत त्याने माझ्या हातातला पंप घेतला आणि अंगठ्याने दांडी दाबून पाहिली. "चांगला हाय," तो म्हणाला. माझ्याबद्दल त्याने काही मत दिलं नाही.

तो आला. जाड कागदाचा नवा वायसर त्याने कापला, तेलात बुडवला. इंजिन हाताने थोडं फिरवून दांडी अलगद आत सरकवली आणि दोन्ही बोल्ट एकदम नाही, तर आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. मोरणीची फिरकी बसवताना सोनार जसं एकदम जोर करत नाही, तसं. मग इंजिनातलं ते पातळ झालेलं तेल सगळं काढून टाकलं. "पेट्रोल आतून तेलात उतरत व्हतं," तो म्हणाला, "म्हनून वाडत व्हतं." स्वयंपाकघराच्या दारामागे कुणी तरी खोकलं. इंजिन सुरू झालं. त्याने पंपाखाली तळहात धरला, बराच वेळ. हात कोरडा राहिला. तो कोरडा हात त्याने मला दाखवला आणि चहा न घेता निघाला.

"उद्या करंड्या न्यायच्यात," मी म्हटलं.

"पंप मी बसवला, आंबा नासंल म्हनून. गाडी नाय चालवनार. ते सोमवारचं तुमी बघा."

सोमवार म्हणजे दुसराच दिवस. सबंध रात्र मी वाक्य जुळवत होतो. आरती सकाळची, देऊळ भरलेलं. गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच ते उतरवावं लागतं, तिथे गुरव कामाला येत नाही. मी देवापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "सदर गाऱ्हाणं गैरसमजुतीने घालण्यात आलेलं असल्याकारणाने ते मागे घेण्यात येत आहे."

कुणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. नक्की कशाला म्हणायचं ते त्यांना कळलं नसावं.

खांबाला टेकून सखारामाचा बाप बसला होता. त्याने मान तिरकी केली. "ह्याच्यात माज्या सख्याचं नाव कुटं हाय?"

"नाव घालतानाही घेतलं नव्हतं, बाबा," मी म्हणालो.

"घालताना न्हवतं घेतलं, तरी गावाला कळलं," म्हातारा म्हणाला. "उतरवताना नाय घेतलंत, तर कोनालाच कळायचं नाय."

बापू मास्तर देवाच्या मुखवट्याकडे अत्यंत बारकाईने पाहत होते. सखाराम खाली बघत होता. माझ्याजवळ सगळे कठीण शब्द होते, आणि ते तिथे एकही उपयोगाचे नव्हते.

"सखारामाने पेट्रोल चोरलं नाही," मी म्हणालो. "पंप गळत होता. त्याने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं. शेवटच्या वाक्याला जरा जास्तच.

म्हातारा उठला. सखारामाने त्याला हात दिला, पण तो आधी माझ्या आवाजाच्या रोखाने वळला.

"तात्या," तो म्हणाला, "उद्या गाडी कवा काडायची? पोराला उटवाया होवं."